परवडणारा क्रोनोग्राफ कोणता घ्यावा? (.१७७ छर्रे, कधीमधी पॉइंट टू-टू)

नवा_नेमबाज (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

वेग मोजायला स्वतःचा क्रोनोग्राफ घ्यायचा विचार पक्का होत आलाय. रायफल .१७७ (छर्ऱ्याचा व्यास, इंचात) पीसीपी, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबून भरलेल्या हवेवर चालणारी; अंतर १० मीटर. कधीमधी ५० मीटरवर पॉइंट टू-टू (दारूच्या काडतुसांची .२२ रायफल) चालवतो. सध्या तीन पर्याय समोर आहेत:

१. नळीच्या तोंडावर बसवायची ती छोटी नळकांडी, आत इन्फ्रारेड सेन्सर. सगळ्यात स्वस्त.
२. ट्रायपॉडवरचा ऑप्टिकल, वर पांढऱ्या छत्र्या असलेला.
३. रडारवाला. हा खिशाला झेपत नाही, पण सगळे त्याचंच नाव घेतात.

क्लबच्या ऑप्टिकलवर परवा पाच छर्रे मोजले: १७४, १७६, १७५, १७८, १७३ मी./से. यातून रायफल चांगली की वाईट, हेही कुणी सांगितलं तर बरं होईल. आणि स्वस्तातलं यंत्र घेतलं तर नेमकं काय गमवावं लागतं?

---

छर्रेवाला

नळकांडं घेऊन टाका आणि विषय संपवा. पीसीपीला पुरतं. प्रकाशाची कटकट नाही, ट्रायपॉड नको, घरातल्या घरात मोजता येतं. दोनच गोष्टी सांभाळा. बसवताना रायफल रिकामी हवी. बसवल्यावर साफसफाईची कांडी नळीतून सरळ घालून बघा, कांडी नळकांड्याच्या मधोमध आली पाहिजे. ते जरा जरी तिरकं बसलं तर छर्रा आतल्या कडेला घासतो, मग वेगही चुकीचा आणि ग्रुपही (टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका) फाटलेला.

पॉइंट टू-टूच्या तोंडाला मात्र ते लावायचं नाही. ही खेळणी एअरसॉफ्ट आणि छर्ऱ्यांसाठी बनवलेली असतात, दारूचा धूर आणि दाब त्यांना सोसत नाही.

---

मायक्रोसेकंद

छर्रेवाले, "विषय संपवा" इतकं सोपं नाही ते. आधी ही यंत्रं मोजतात काय ते बघू.

नळकांडं असो वा छत्रीवाला, दोघांचं काम एकच: पहिल्या सेन्सरपासून दुसऱ्यापर्यंत जायला लागलेला वेळ मोजायचा आणि अंतराला त्याने भागायचं. फरक आहे तो त्या अंतराचा. छत्रीवाल्यात दोन सेन्सरमध्ये साधारण ३० सें.मी. असतात, नळकांड्यात काहीच सें.मी. ६ धरा.

१८० मी./से.चा छर्रा ३० सें.मी. ओलांडायला १६६७ मायक्रोसेकंद घेतो, ६ सें.मी.ला ३३३. घड्याळ एका मायक्रोसेकंदाने चुकलं तर पहिल्यात ०.०६ टक्के फरक पडेल, दुसऱ्यात ०.३. हे दोन्ही चालण्यासारखं आहे. खरी मेख सेन्सरच्या जागेत आहे. कारखान्यात सेन्सर १ मि.मी. इकडेतिकडे बसला, तर ३० सें.मी.वर ०.३३ टक्के म्हणजे ०.६ मी./से.ची चूक, ६ सें.मी.वर १.६७ टक्के म्हणजे तब्बल ३ मी./से.! आणि ही चूक प्रत्येक शॉटला तीच, त्याच दिशेने.

म्हणून स्वस्त नळकांडं "तुमची रायफल १७५ने मारते" म्हणतं तेव्हा तो आकडा १७२ ते १७८ मधला कुठलाही असू शकतो. पण तेच नळकांडं "आजचे छर्रे कालच्यापेक्षा ४ने कमी" म्हणालं, तर त्यावर बऱ्यापैकी विश्वास ठेवता येतो. यातलं तुम्हाला काय हवंय, ते आधी ठरवा. यंत्र नंतर.

---

अस्मि_१०मी

मायक्रोसेकंद +१.

धागाकर्ते, तुमच्या प्रश्नात "वेग मोजायला" एवढंच आहे. कशासाठी, ते लिहाल का? ऊर्जेची कायदेशीर मर्यादा पाळायची असेल तर खरा आकडाच लागतो. इंग्लंड-वेल्समध्ये एअर रायफलला परवान्याशिवाय १२ फूट-पौंड म्हणजे सुमारे १६.३ जूल चालतात, जर्मनीत ७.५ जूल. तिथे मर्यादेला टेकलेल्या रायफलच्या मालकाला १ टक्कासुद्धा महागात पडतो, कारण ऊर्जेत वेगाचा वर्ग येतो: वेगात १ टक्का चूक म्हणजे ऊर्जेत २ टक्के. तुमचा छर्रा ०.५३ ग्रॅमचा असेल तर १७५ मी./से.ला ८.१ जूल भरतात, जर्मन मर्यादेच्या वर.

आणि नुसतं रायफलचं आरोग्य तपासायचं असेल तर खऱ्या आकड्याची गरजच नाही. फक्त यंत्र रोज एकसारखं चुकलं पाहिजे!

---

नवा_नेमबाज

अस्मिताई, आरोग्यच. गेल्या महिन्यापासून पहिला शॉट हमखास वर जातोय. क्लबमधले म्हणतात रेग्युलेटर (प्रत्येक शॉटला सारखाच दाब देणारा भाग) बघ.

---

जुनी_नळी

हे आधी सांगायला हवं होतं की राव. मग क्रोनोग्राफ हवाच, आणि कसलाही चालेल.

रायफल अर्धा तास भरून ठेवून पहिला शॉट मोजायचा, मग लागोपाठ दहा. पहिला ५-६ मी./से.ने वर आणि बाकीचे एका ओळीत असतील, तर रेग्युलेटर सरकतोय. म्हणजे त्याची सीट नीट बसत नाही, उभ्या रायफलमध्ये आतला दाब हळूहळू चढत राहतो आणि पहिल्या शॉटला तो जादाचा दाब मिळतो. पाच मिनिटं थांबून परत एक, वीस मिनिटं थांबून परत एक, असं मोजलंत की सरकण्याचा वेगही कळतो. सीट बदलली की जातं. काही जण रायफल उघडतात, हातोड्याची स्प्रिंग पिळतात, नळी घासून घासून पांढरी करतात, आणि दोष असतो नखाएवढ्या चकतीत.

रेग्युलेटर नसलेल्या पीसीपीत गोष्ट वेगळी. सिलिंडर पूर्ण भरलेला असताना वेग कमी असतो, कारण जास्तीचा दाब व्हॉल्व्हला नीट उघडू देत नाही. दाब उतरत गेला की वेग चढतो, मग काही शॉट सपाट जातात आणि शेवटी घसरतो. त्या सपाट भागाची सुरुवात आणि शेवट किती बारवर येतो ते एकदा क्रोनोग्राफवर काढलं की पुढे भरताना तेवढंच भरायचं. हे काम स्वस्त नळकांडंही चोख करतं.

स्प्रिंगच्या एअर रायफलवाल्यांनीही ऐकावं. नव्या किंवा नुकतंच तेल घातलेल्या रायफलीत दाबाने तेल पेट घेतं आणि सुरुवातीचे छर्रे भलत्याच वेगाने जातात. त्यावर खूश होऊन चारचौघांत आकडे सांगू नयेत.

---

आकडेमोड

धागाकर्त्याच्या पाच शॉट्सकडे कुणी वळलंच नाही.

सरासरी १७५.२, सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी यांतलं अंतर ५, एसडी (प्रमाण विचलन, म्हणजे शॉट सरासरीभोवती किती विखुरलेत त्याचं माप) १.९. दिसायला छान. पण पाच शॉटवरून काढलेल्या एसडीला फारसा अर्थ नाही. ९५ टक्के खात्रीने बोलायचं तर खरा एसडी मोजलेल्याच्या ०.६ पट ते २.८७ पट यांत कुठेही असू शकतो. म्हणजे तुमच्या बाबतीत १.१५ ते ५.५. यातलं एक टोक सामन्याच्या रायफलीचं, दुसरं दुरुस्तीला टाकायच्या.

दहा शॉट मारले तर हा पट्टा ०.६९ ते १.८३ पट होतो, वीस मारले तर ०.७६ ते १.४६, तीसला ०.८ ते १.३४. म्हणून पाच-पाच शॉट मारून "हा डबा त्या डब्यापेक्षा चांगला" म्हणणाऱ्यांचं हसू येतं.

आणखी एक. कमाल-किमान अंतर शॉट वाढले की आपोआप वाढतं. पाच शॉटला ते सरासरीने एसडीच्या २.३ पट येतं, दहाला ३.१ पट, वीसला ३.७ पट. त्यामुळे एकाचं पाच शॉटचं अंतर आणि दुसऱ्याचं वीस शॉटचं शेजारी ठेवून तुलना करू नये. करतात लोक.

माझं मत: यंत्रावरचे पैसे वाचवा आणि छर्ऱ्यांचे चार डबे जास्त घ्या.

---

कुंपणावरचा

एसडी १.९ असो वा ३, १० मीटरवर त्याने नक्की काय बिघडतं? विचारायचं म्हणून विचारतोय.

---

आकडेमोड

रास्त प्रश्न. १७५ मी./से.ला १० मीटर जायला ५७ मिलिसेकंद, तेवढ्यात छर्रा १६ मि.मी. खाली येतो (हवेचा अडथळा सोडून). वेग १७२ झाला तर १६.६. फरक जेमतेम अर्धा मि.मी. आता एअर रायफलच्या टार्गेटवरचा दहाचा ठिपकाच ०.५ मि.मी.चा असतो आणि गुण दशांशात मोजतात, तेव्हा अगदी सोडून देण्यासारखंही नाही. पण हात, श्वास आणि ट्रिगर यांच्यापुढे हे किरकोळ.

५० मीटरवर मात्र चित्र बदलतं. पॉइंट टू-टूची गोळी ३३० ऐवजी ३२०ने निघाली तर ती साडेसात-आठ मि.मी. खाली लागते. तिथे दहाचं वर्तुळ १०.४ मि.मी.चं. काडतुसांचा लॉट निवडायला क्रोनोग्राफ तिथे खरा कामाला येतो.

---

रडारप्रेमी

सगळे ज्याला टाळताय त्याचीही बाजू ऐका. रडारला छत्री नको, ऊन-सावली नको, गोळी कशाच्या मधून जायला नको. रायफलच्या बाजूला टेबलावर ठेवायचं, साधारण टार्गेटकडे तोंड करायचं, झालं. गोळीवरून परतलेल्या लहरीची वारंवारता बदलते, तिच्यावरून वेग निघतो. २४ गिगाहर्ट्झची लहर असेल तर १८० मी./से.च्या छर्ऱ्याला हा बदल सुमारे २९ किलोहर्ट्झ येतो, मोजायला अगदी सोयीचा.

पूर्वीचा लॅबरडार नावाचा रडार केवढा तरी मोठा होता, आणि शॉटच्या आवाजावर सुरू व्हायचा म्हणून शांत एअर रायफलला वेगळा माइक जोडावा लागायचा. २०२३ साली गार्मिनचा झीरो सी-वन प्रो आला आणि खिशात मावणारं रडार मिळायला लागलं. मग इतर कंपन्याही त्या रांगेत उतरल्या, त्यामुळे पर्याय वाढले आहेत. एअर रायफलसाठी फोनला जोडायचा एफएक्स कंपनीचा छोटा रडारही आहे.

---

मायक्रोसेकंद

रडारवर माझा आक्षेप किमतीचाच, अचूकतेचा नाही. एवढ्याशा कामासाठी रायफलच्या बरोबरीचा खर्च कशाला? शिवाय रेंजवर शेजारच्या लेनमधला शॉट आपल्या यादीत घुसतो तो वेगळाच. यादी नीट तपासली नाही तर सरासरीत एक परका छर्रा बसून राहतो.

छत्रीवाल्याची बाजू कुणीच घेतली नाही, मी घेतो. माणसं त्याला नावं ठेवतात, पण निम्म्या तक्रारी मांडणीच्या असतात.

प्रकाश: सेन्सर वर आकाशाकडे बघत असतो आणि गोळीची सावली टिपतो. सर्वांत उत्तम दिवस एकसारख्या ढगाळ आभाळाचा. कडक उन्हात छत्र्या हव्यातच, नाहीतर चकाकत्या गोळीच्या पोटावर खालून उजेड पडतो आणि सावलीच पुसट होते. छत्र्यांचा उपयोग ढगाळ दिवशी नाही, उन्हात आहे. लोक नेमकं उलटं करतात. घरात ट्यूबलाइटखाली मोजू नका: विजेच्या ५० हर्ट्झमुळे ती सेकंदाला शंभरदा लुकलुकते आणि सेन्सर त्यालाच गोळी समजतो. बॅटरीवर चालणारी एलईडी पट्टी वर लावली की प्रश्न मिटतो.

तिरपेपणा: गोळीच्या रेषेला यंत्र ५ अंश तिरकं असेल तर वाट लांबते आणि वेग ०.४ टक्के कमी दिसतो. कमीच, कधी जास्त नाही. उलट घडीचं यंत्र पूर्ण उघडलं नसेल तर सेन्सर जवळ येतात आणि वेग जास्त दिसतो. "आज रायफल भारी मारतेय" वाटलं की आधी बिजागरी बघावी.

अंतर: एअर रायफलला तोंडापासून मीटरभर पुरे. पॉइंट टू-टूला तीनेक मीटर द्या, नाहीतर तोंडातून सुटलेला वायूचा लोट सेन्सरला फसवतो. आणि लक्षात ठेवा, दिसणारा आकडा यंत्राजवळचा आहे, नळीच्या तोंडाचा नाही. .१७७ छर्रा मीटरमागे साधारण एक-दीड मी./से. गमावतो. म्हणूनच तुमचं नळकांडं आणि मित्राचा छत्रीवाला यांत २ मी./से.चा फरक आला तर कुणीच खोटं बोलत नसेल.

ओह्लर ३५पी या छत्रीवाल्या यंत्रात दोनाऐवजी तीन सेन्सर असायचे. एकाच गोळीचे दोन स्वतंत्र वेग निघायचे, आणि त्यांत तफावत आली की यंत्र स्वतःच खूण करायचं. स्वस्त यंत्रात ही सोय नसते, म्हणून महिन्यातून एकदा दुसऱ्या यंत्रामागे आपलं ठेवून तोच छर्रा दोघांवरून जाऊ द्यावा.

---

कुंपणावरचा

आणि नळीखाली पट्ट्याने बांधतात तो, संगिनीसारखा? मॅग्नेटोस्पीड?

---

जुनी_नळी

तो मोठ्या रायफलवाल्यांसाठी. प्रकाशाशी संबंध नाही, चुंबकीय सेन्सर. पण नळीला वजन लटकतं, त्यामुळे नळीची थरथर बदलते आणि गोळी दुसरीकडे लागते. वेग आणि ग्रुप एकाच वेळी बघता येत नाहीत. धागाकर्त्याने त्या वाटेला जाऊ नये.

---

लंबकराव

तुम्ही सगळे विकत घ्यायच्या गोष्टी करताय. १७४२ साली बेंजामिन रॉबिन्सने लाकडाचा ठोकळा टांगून गोळीचा वेग काढला होता. एअर रायफलला ते आजही जमतं.

पत्र्याच्या डब्यात मळलेली पुट्टी भरा, सगळं मिळून २५० ग्रॅम. १ मीटर लांबीच्या दोन-दोन दोऱ्यांनी असा टांगा की गोल फिरणार नाही. मागे भक्कम आडोसा हवा, डोळ्यांवर चष्मा हवा. ०.५३ ग्रॅमचा छर्रा मधोमध मारला की डबा मागे जातो. किती गेला ते पट्टीवर सरकणाऱ्या कागदाच्या तुकड्याने मोजायचं. १२ सें.मी. गेला, तर डब्याचा वेग ०.१२ गुणिले ३.१३, म्हणजे ०.३७६ मी./से. त्याला २५०.५३ भागिले ०.५३ने गुणा: १७८ मी./से. आले की नाही घरात?

पथ्यं दोन. छर्रा पुट्टीत रुतलाच पाहिजे, उसळून मागे आला तर डबा जास्त ढकलला जातो आणि वेग फुगतो. आणि तोंड दोनेक मीटर लांब ठेवा, नाहीतर नळीतून आलेली हवाच डबा हलवते.

अवांतर: पुढे १८६०च्या दशकात बेल्जियमचा तोफखान्यातला अधिकारी ले बुलांजे याने वीज वापरली. गोळ्याने पहिली तार तोडली की विद्युतचुंबकाने धरलेला दांडा पडायला लागायचा, दुसरी तार तुटली की सुरी सुटून त्या पडत्या दांड्यावर खूण करायची. दांडा किती पडला त्यावरून वेळ. घड्याळाच्या जागी गुरुत्वाकर्षण! बरीच दशकं चाललं ते यंत्र.

---

अस्मि_१०मी

लंबकराव, भारीच. पण १ मि.मी. वाचनात चुकलं की दीड मी./से.ची चूक. रेग्युलेटरचे ५ मी./से. त्यात कसेबसे दिसतील.

त्यापेक्षा फोन सोपा. आवाज रेकॉर्ड करायचा, शॉटचा आणि टार्गेटला लागल्याचा. टार्गेटमागे पत्रा असला की ठोका स्पष्ट येतो. फोन रायफलजवळ ठेवला तर परत येणाऱ्या आवाजाचे १० मीटरचे २९ मिलिसेकंद वजा करावे लागतात, तेही तापमानाप्रमाणे बदलतात. म्हणून फोन बाजूला, तोंड आणि टार्गेट यांपासून सारख्याच अंतरावर ठेवायचा. दोन्ही आवाजांना तेवढाच वेळ लागतो आणि वजाबाकीच नको. दोन टोकांत ५९.५ मिलिसेकंद दिसले तर १० भागिले ०.०५९५, म्हणजे १६८ मी./से. हा वाटेतला सरासरी वेग, तोंडावरचा याहून जास्तच. फोन ठेवायला पुढे जाताना रायफल रिकामी आणि उघडी, हे सांगायला नको, तरी सांगते.

---

नवा_नेमबाज

अस्मिताईंच्या पद्धतीने आज करून पाहिलं. अर्धा तास थांबून पहिला शॉट ५७.८ मिलिसेकंद, नंतरचे सगळे ५९.३ ते ५९.७. म्हणजे पहिला १७३, बाकी १६८च्या आसपास.

जुनी_नळी काका, सीट मागवली. क्रोनोग्राफही घेणारच, पॉइंट टू-टूसाठी. नळकांडं बाद, रडार झेपत नाही, म्हणजे छत्रीवाला. क्लबमधले एक जण त्यांचा जुना विकतायत. घेताना काय बघू?

---

छर्रेवाला

हरलो. छत्रीवाला घ्या, पण नळकांडं उसनं हवं असेल तर सांगा.

---

मायक्रोसेकंद

बिजागरी असेल तर ढिली आहे का बघा. सेन्सरच्या काचेवर धूळ-तेल नको. छत्र्यांचे दांडे मूळचे आहेत का विचारा, हरवून बरेच जण कसल्याही काड्या लावतात आणि छत्र्या वाकड्या बसतात. बॅटरी नवी टाकूनच तपासा, उतरलेल्या बॅटरीवर चुकीचे आकडे येऊ शकतात. मग क्लबच्या यंत्रामागे ठेवून दहा छर्रे दोन्हींवरून घाला. फरक दरवेळी साधारण तेवढाच राहिला तर घ्या, कधी १ कधी ५ आला तर नमस्कार करा.

---

जुनी_नळी

आणि पुढच्या कडेवर हात फिरवा. शिशाचा करडा ओरखडा लागला तर समजा त्याला एकदा गोळी लागलेली आहे. मग पट्टी काढून दोन सेन्सरमधलं अंतर मोजा आणि पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडून बघा, किंमत त्यानंतर बोला.